डायरेक्ट सेलिंगमधून महिन्याला सहा हजार: सिन्नरच्या ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही सिन्नरला राहता, घरी ब्लाउज शिवता. मिस्टर मुसळगावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहेत. मुलीच्या क्लासच्या फीसाठी महिन्याला सहा हजार रुपये जास्तीचे हवे आहेत. शेजारच्या वहिनींनी एका कंपनीचा प्लॅन दाखवला: 11,500 रुपयांचं पॅकेज घ्यायचं, आयडी (कंपनीतला विक्रेता नंबर) चालू होईल, आपल्या खाली डावीकडे-उजवीकडे माणसं लावायची, सहा महिन्यांत महिना 25,000 सुरू. टोकन म्हणून 2,000 रुपये तुम्ही देऊनही टाकलेत. आता विचारता आहात की हे घ्यावं का, आणि या धंद्यात खरोखर पैसे मिळतात का.

हे पॅकेज घेऊ नका. पैसे मात्र मिळतात. मी नाशिकला सातपूर भागात बरीच वर्षं हेच डायरेक्ट सेलिंगचं काम करते आहे, म्हणजे कंपनीचा माल दुकानाशिवाय थेट घरोघरी विकते. घरगुती साफसफाईच्या वस्तू, साबण, शाम्पू, क्रीम, थोडी सौंदर्यप्रसाधनं. माझी टीमही आहे, पण घरात येणाऱ्या पैशाचा मोठा वाटा आजही स्वतःच्या ग्राहकांचा आहे. त्यामुळे जे सांगते आहे ते या कामावर विश्वास ठेवूनच सांगते आहे.

एक गोष्ट पक्की धरा. जिला तुमच्या प्लॅनशी काही घेणंदेणं नाही, जी तुमची नातेवाईक नाही, अशी बाई वस्तू संपली म्हणून दुसऱ्यांदा फोन करते, तेव्हा तुमचा धंदा सुरू झाला. अशा बायका किती, एवढाच आकडा बघायचा. डाउनलाइन (आपल्या खाली जोडलेली माणसं) किती, लेव्हल (कंपनीतला दर्जा) कोणती, स्टेजवर कोणी बोलावलं, या गोष्टी त्यानंतरच्या. वहिनींनी तुम्हाला दीड तास समजावलं असेल, पण त्या कंपनीची टूथपेस्ट तुमच्या गल्लीत आयडी नसलेल्या किती घरांत जाते, हे सांगितलं का? नसेल सांगितलं तर तोच प्रश्न त्यांना विचारा.

आता त्या डाव्या-उजव्या बाजूबद्दल. याला बायनरी प्लॅन म्हणतात. तुमच्या खाली दोन लेग, म्हणजे दोन बाजू, असतात आणि कमिशन बहुतेक वेळा कमजोर लेगच्या पॉइंटवर (खरेदी-विक्रीवर मिळणाऱ्या गुणांवर) मिळतं. एका बाजूला तुमच्या अपलाइनने (तुम्हाला जोडणाऱ्या वरच्या माणसाने) भराभर माणसं टाकली, तर स्क्रीनवर मोठा आकडा दिसतो आणि उत्साह वाटतो. पण दुसरी बाजू तुम्हाला एकटीला भरायची असते आणि ती भरत नाही तोवर मोठ्या बाजूचा उपयोग नाही. वर कॅपिंग असतं, म्हणजे ठरावीक मर्यादेपुढचे पॉइंट वाया जातात. काही प्लॅन डावी-उजवी न करता म्हणतात, फक्त सहा जणी जोडा, त्या सहा जणी सहा-सहा जोडतील. वहीत मांडून बघा: 6, मग 36, मग 216, 1,296, 7,776, आणि सहाव्या पायरीला 46,656. सिन्नर शहरात एवढी कुटुंबं तरी आहेत का? सगळ्यात खालच्या पायरीवरच्या बायकांना पैसे मिळायला आणखी कितीतरी पट माणसं लागतील. त्या खालच्या पायरीवर तुमची नणंद आणि तुमच्याकडे ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका असतील. म्हणून मी या हिशोबाबद्दल एवढ्या कळकळीने बोलते. यात पैसा बाहेरून येत नाही, ओळखीतल्याच एकीच्या पर्समधून दुसरीच्या पर्समध्ये जातो.

अमेरिकेत 2016 साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हर्बलाइफ या कंपनीवर कारवाई केली. कंपनीला 20 कोटी डॉलर भरावे लागले आणि प्लॅन बदलावा लागला. नवी अट अशी होती की विक्रेत्यांना मिळणाऱ्या कमिशनचा किमान दोन-तृतीयांश भाग खऱ्या, नोंद असलेल्या किरकोळ विक्रीवर आधारलेला हवा. ही कसोटी मला फार पटते, आणि तुम्ही ती कुठल्याही कंपनीला घरबसल्या लावू शकता: कमिशन कशावर येतं, वस्तू वापरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पैशावर की नव्याने आयडी घेणाऱ्या बाईच्या पॅकेजवर?

आता सहा हजारांचा हिशोब मांडते. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या कंपनीचे टक्के घालून स्वतः करून बघा. समजा 40 घरं तुमच्याकडून नियमित घेतात आणि एका घराची महिन्याची खरेदी सरासरी 500 रुपये आहे. विक्री झाली 20,000 रुपयांची. एमआरपी आणि तुमचा डीपी (विक्रेत्याला माल ज्या भावाने पडतो तो) यांतला फरक 18 टक्के धरला तर 3,600 रुपये. कंपनीचा बोनस साडेचार टक्के धरला तर आणखी 900. हातात आले 4,500. यातून पेट्रोल किंवा रिक्षा, सॅम्पल, मोबाइल रिचार्ज, कोणाला दिलेली सूट, फुटलेली-गळलेली बाटली, सगळं मिळून 1,200 गेले. उरले 3,300. म्हणजे 40 घरांत तुमचे सहा हजार होत नाहीत. 70 घरं झाली तर विक्री 35,000, फरक 6,300, बोनस साधारण 1,575, खर्च 1,800 धरला तर हातात 6,000 च्या थोडं वर उरतं.

सत्तर घरं ऐकायला खूप वाटतात. ती सहा महिन्यांत होत नाहीत. महिन्याला तीन-चार टिकाऊ घरं वाढली तरी ते चांगलं काम आहे, आणि त्या वेगाने दीड-दोन वर्षं लागतात. या वर्षीच्या क्लासची फी यातून निघेल असं धरून चालू नका. तिची सोय वेगळी करा. जी बाई फीच्या तारखेच्या दडपणाखाली विक्री करते, ती गिऱ्हाइकाला नको ती वस्तू गळ्यात मारते आणि ते घर कायमचं हातातून जातं.

या धंद्यातलं खरं कौशल्य कुठे आहे ते आता सांगते, कारण मीटिंगमध्ये यावर कोणी पाच मिनिटंही बोलत नाही. ते एका वहीत आहे. प्रत्येक घराला एक पान. नाव, घरात माणसं किती, पाणी नळाचं की बोअरचं, कपडे हाताने की मशीनमध्ये, कोणाला कसली ॲलर्जी. खाली काय दिलं, कधी दिलं, आणि ते कधी संपेल याचा अंदाज. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. भांड्यांचं लिक्विड एका घरात महिनाभर पुरतं, दुसऱ्या घरात पंधरा दिवसांत संपतं कारण तिथे सासू-सुना मिळून आठ माणसं जेवतात. पहिल्या दोन खेपांत विचारून घ्यायचं की बाटली किती दिवस गेली. तिसऱ्या खेपेपासून संपायच्या दोन-तीन दिवस आधी तुमचा फोन गेला पाहिजे. उशीर झाला तर ती किराणा दुकानातून दुसरं घेऊन येते आणि पुढचा महिना तुमचा गेला. लवकर केला तर आग्रह वाटतो. हा अंदाज बरोबर यायला लागला की तुम्ही विकत नाही, ती मागून घेते.

पाण्याचं मुद्दाम लिहिलं. आपल्याकडे पुष्कळ कॉलन्यांत बोअरचं जड पाणी येतं. त्यात साबणाला फेस कमी येतो, कपड्यांवर पांढरट थर बसतो. शहरातल्या नळाच्या पाण्यात दाखवलेला डेमो तुमच्या गल्लीत तसाच उतरेल असं नाही. म्हणून वस्तू आधी स्वतःच्या घरी, स्वतःच्या पाण्यात महिनाभर वापरा. चालली नाही तर ती विकायला घेऊ नका, मग कंपनी कितीही पॉइंट देवो.

किंमत विचारली की बाटलीची सांगू नका, वापराची सांगा. फरशी पुसायचं लिक्विड 300 रुपयांचं आणि दुकानातलं 120 चं, एवढंच ऐकलं तर कोणीही दुकानातलं घेईल. पण बादलीला झाकणभर लागतं की अर्धी वाटी, आणि बाटलीत किती बादल्या होतात, हे मोजून दाखवलं तर तिला स्वतःच कळतं. आणि मोजल्यावर तुमचं महाग पडत असेल तर तसं सांगायचं. माझ्याकडे काही वस्तू अशा आहेत ज्या मी ग्राहकांना दुकानातूनच घ्या म्हणते. त्यामुळे बाकीच्या वस्तूंबद्दलचा माझा शब्द चालतो.

कुठून सुरुवात करायची? तुमच्याकडे ब्लाउज शिवायला बायका येतात, हे तुमचं मोठं भांडवल आहे. पण माप घेताना कॅटलॉग पुढे करू नका. ब्लाउजच्या कामावर घर चालतं, ते आधी जपायचं. शिलाई मशीनच्या बाजूला दोन-तीन वस्तू दिसतील अशा ठेवा. ज्या विचारतील त्यांना छोटं सॅम्पल द्या, चार दिवसांनी कसं वाटलं विचारा. पहिल्या महिन्यात दहा घरं पुरेत. एका भागात एकाच दिवशी जा, नाहीतर एका साबणासाठी गावभर फेऱ्या होतात आणि नफा पेट्रोलमध्ये जातो. गल्लीतल्या लोकांचा पगार एमआयडीसीतल्या कंपन्यांत सात ते दहा तारखेला होत असेल तर ऑर्डर त्याच आठवड्यात घ्या. महिनाअखेरीस मागितलेली ऑर्डर हमखास उधारीची असते.

उधारीबद्दल माझा नियम सांगते. नव्या घराला उधार नाही. जुन्या घराला एका वेळी एकाच बिलाची उधारी, ते मिटल्याशिवाय पुढचा माल नाही. हा नियम सगळ्यांना आधीच सांगून ठेवायचा, म्हणजे कोणाला अपमान वाटत नाही. 500 रुपयांचा माल बुडाला तर त्यातले 410 तुमच्या खिशातले असतात. ते भरून काढायला आणखी सव्वादोन हजारांहून जास्त माल विकावा लागतो, तेव्हा कुठे बरोबरी होते.

वर्षातला मोठा हंगाम संक्रांत. दिवाळीत भेटवस्तूंची मागणी असतेच, पण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालतं आणि वाणासाठी एकेका घराला पन्नास-साठ नग एकाच वेळी लागतात. छोटा साबण, क्रीमची लहान ट्यूब, हँडवॉशचा छोटा पॅक, अशी परवडणारी पण वापरात येणारी वस्तू द्यायला बायकांना आवडते. यातली खुबी अशी की वाण दिलेल्या पन्नास घरांत तुमची वस्तू कोणताही आग्रह न होता पोचते, आणि पिशवीवर तुमचा नंबर असला तर त्यातल्या चार-पाच जणी पुढच्या महिन्यात विचारतात. ऑर्डर डिसेंबरमध्येच नक्की करायची. जानेवारीत डेपोत लहान पॅक संपलेले असतात. आणि वाणाचा माल अर्धे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय मागवायचा नाही, कारण संक्रांतीनंतर उरलेले साठ साबण तुमच्याच कपाटात बसतात. एक विनंती मात्र आहे. दुसरीच्या घरच्या हळदीकुंकवात कधीही प्लॅनचा विषय काढू नका. बायका तिथे सणाला आलेल्या असतात. मी कितीतरी जणींच्या मैत्र्या यावरून तुटलेल्या बघितल्या आहेत.

सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो क्लोजिंगच्या आठवड्यात. महिना संपत आला की अपलाइनचा फोन येतो: लेव्हल टिकवायला इतके पॉइंट कमी आहेत, स्वतःच्या नावावर माल उचल, पुढच्या महिन्यात विकला जाईल. तो विकला जात नाही, कारण पुढच्या महिन्याच्या शेवटी पुन्हा तोच फोन येतो. पलंगाखाली खोकी साचतात, एक्सपायरीची तारीख जवळ येते, मग डीपीपेक्षा कमी भावात माल काढावा लागतो. माझं सांगणं असं की ज्या वस्तूचं गिऱ्हाईक वहीत लिहिलेलं आहे तेवढाच माल मागवायचा, फार तर आठवड्याचा जास्तीचा. लेव्हल गेली तर जाऊ द्या. बोनसपोटी 800 रुपये मिळवायला 4,000 चा माल पडून राहिला तर तो बोनस तुम्हीच तुम्हाला दिला. सेमिनारचंही तसंच. तिकीट, प्रवास, हॉटेल, नवा ड्रेस, हा सगळा खर्च आहे, आणि तो वहीत विक्रीच्या समोर लिहायचा. सुरुवातीच्या वर्षात जायचं कारण नाही.

आरोग्याच्या उत्पादनांबद्दल मी कडक आहे. पावडरी, कॅप्सूल, ज्यूस यांत मार्जिन चांगलं असतं, म्हणून नव्या बायकांना आधी तेच विकायला लावतात. साखरेच्या गोळ्या बंद करा, हे घ्या, असं सांगणारे लोक मी मीटिंगमध्ये ऐकले आहेत. हे पाप आहे आणि गुन्हाही आहे. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा 1954 चा कायदा मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे करण्याचे दावे करून जाहिरात करायला मनाई करतो, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला बरे झाल्याचा व्हिडिओ तुमच्या नंबरवरून गेला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. फूड सप्लिमेंट हा कायद्याने खाद्यपदार्थ आहे, तो विकायला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची) नोंदणी लागते. लहान विक्रेत्यासाठी त्याची फी नाममात्र आहे. माझा सल्ला, पहिलं वर्षभर पोटात जाणारी कुठलीही वस्तू घेऊच नका. घासायच्या, धुवायच्या आणि लावायच्या वस्तूंवर धंदा उभा राहतो.

कंपनी कशी तपासायची? केंद्र सरकारने 28 डिसेंबर 2021 रोजी ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे नियम काढले. त्यातले काही मुद्दे तुमच्या कामाचे आहेत. कंपनी विक्रेत्याकडून प्रवेश फी किंवा सदस्यत्व फी घेऊ शकत नाही. तुमच्याशी आधी लेखी करार झाला पाहिजे. गिऱ्हाइकाच्या घरी जाताना ओळखपत्र हवं आणि आधी वेळ घेतलेली हवी. कंपनीचं भारतात प्रत्यक्ष कार्यालय हवं, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर हवा. पिरॅमिड योजना (नवी माणसं जोडण्यावरच पैसे देणारी) आणि मनी सर्क्युलेशन योजना (लोकांचाच पैसा लोकांत फिरवणारी) चालवायला साफ बंदी आहे. आणखी एक कलम वाचून मला बरं वाटलं होतं: तुम्ही आणखी गिऱ्हाइकं आणलीत तर तुमच्या वस्तूचे पैसे वसूल होतील, असं सांगून वस्तू विकायलाही मनाई आहे. वहिनींनी तुम्हाला नेमकं हेच सांगितलं असणार.

त्या म्हणतील, 11,500 ही फी नाही, त्याचा माल मिळतो. असं बोलून नियमातून वाट काढणाऱ्या कंपन्या आहेत. म्हणून एक साधी परीक्षा घ्या. त्या पॅकेजमधल्या वस्तू आयडीशिवाय, नुसत्या वस्तू म्हणून, तुम्ही त्या किमतीला घेतल्या असत्या का? सूटच्या कापडाचा तुकडा, मॅग्नेटचं ब्रेसलेट आणि दोन डबे पावडर असेल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. चांगल्या कंपनीत आयडी फुकट मिळतो आणि पाचशे-हजाराच्या मालावर सुरुवात होते.

दर आठवड्याला किंवा दर महिन्याला ठरावीक रक्कम परत मिळेल असं कोणी म्हटलं तर तिथे डायरेक्ट सेलिंग उरतच नाही. मुंबईत दादरला टोरेस नावाच्या दुकानाने खड्यांचे दागिने देऊन आठवड्याला परतावा देण्याचं आश्वासन दिलं होतं, नवे गुंतवणूकदार आणणाऱ्याला वेगळे पैसे होते. जानेवारी 2025 मध्ये पैसे थांबले आणि लोक दुकानासमोर जमले. त्यात भाजी विकणारी, घरकाम करणारी माणसंसुद्धा होती.

नाव मोठं असलं म्हणून निश्चिंतही राहू नका. टपरवेअर घराघरांत पोचलेली कंपनी, आपल्याकडे 1996 पासून. तिच्या अमेरिकेतल्या मूळ कंपनीने सप्टेंबर 2024 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ॲमवेच्या भारतातल्या कंपनीची 757 कोटींहून जास्त मालमत्ता एप्रिल 2022 मध्ये ईडीने तात्पुरती जप्त केली, पिरॅमिड पद्धतीने पैसे गोळा केल्याचा आरोप ठेवून. कंपनीचं पुढे काय होईल हे विक्रेत्याच्या हातात नसतं. तुमची वही मात्र तुमच्या हातात असते. कंपनी बंद पडली, माल येईनासा झाला, तर त्याच सत्तर घरांत तुम्ही दुसरी वस्तू घेऊन जाऊ शकता. नुसती डाउनलाइन असलेल्या बाईला ही सोय नाही. ती आयडीबरोबर संपते.

पैशांच्या कागदांबद्दल थोडं. या कामासाठी बँकेत वेगळं खातं उघडा आणि सगळे यूपीआय तिथेच घ्या. पॅन कंपनीला पहिल्याच दिवशी द्या, पॅन नसेल तर टीडीएस (कमिशन देतानाच कापला जाणारा कर) 20 टक्के कापला जातो. पॅन असताना सध्या कमिशनवर 2 टक्के टीडीएस आहे, वर्षाचं कमिशन 20,000 रुपयांच्या वर गेल्यावर. तुमचं उत्पन्न कराच्या मर्यादेत येत नसेल तर रिटर्न भरून ते पैसे परत मिळतात. हजार-पाचशे म्हणून कितीतरी बायका ते सोडून देतात. आपल्या कष्टाचे आहेत, मागून घ्या. दुसरं म्हणजे कमिशनच्या उत्पन्नाला छोट्या व्यापाऱ्यांची अंदाजे नफा दाखवण्याची सोपी सवलत मिळत नाही, त्यामुळे पेट्रोल, सॅम्पल, कुरिअर यांच्या पावत्या जपाव्या लागतात. कंपनीने फॉरेन टूर किंवा महागडी भेट दिली तर तीही उत्पन्नात धरली जाते. जीएसटीची नोंदणी तुमच्या उलाढालीला लागणार नाही, पण एक खड्डा लक्षात ठेवा: गोव्याला किंवा बेळगावला बहिणीच्या ओळखीत माल पार्सलने विकायला लागलात तर ती राज्याबाहेरची विक्री होते आणि तिथे उलाढाल कितीही छोटी असली तरी नोंदणी लागते.

तुम्ही लिहिलं आहे की दीर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत आणि वहिनी म्हणतात त्यांच्या ओळखीचा फायदा घ्या. हे अजिबात करू नका. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या नोकराला पूर्वपरवानगीशिवाय खाजगी धंदा करता येत नाही. शाळेत पालकांना किंवा सहकाऱ्यांना प्लॅन दाखवला अशी तक्रार गेली तर तुमच्या सहा हजारांपायी त्यांची नोकरी अडचणीत येईल.

टीम करायचीच नाही का? करायची, पण नंतर. तुमच्या ग्राहकांमधलीच एखादी बाई स्वतःहून म्हणेल, माझ्या माहेरी दोघी-तिघी मागतात, मला डीपीत मिळेल का. तिला आयडी काढून द्या. तिच्याबरोबर तिच्या पहिल्या दहा घरांत जा, वही कशी ठेवायची ते दाखवा. अशा दोघी जरी झाल्या तरी त्या टिकतात, कारण त्यांना वस्तू आधी आवडलेली असते.

आता ते 2,000 रुपये. आजच्या आज वहिनींना व्हॉट्सॲपवर लिहून कळवा, तोंडी नको: मी पॅकेज घेतलेलं नाही, करारावर सही केलेली नाही, माझं टोकन परत करावं. कोणत्या तारखेला, कोणाला, रोख की यूपीआय, हे त्यात घाला. पैसे कंपनीच्या खात्यात गेले असतील तर हाच मजकूर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा. नियमाप्रमाणे 48 कामाच्या तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण व्हायला हवं. वहिनींच्या स्वतःच्या खात्यात गेले असतील तर आधी त्यांच्याशी शांतपणे बोला, बहुधा त्यांच्यावरही वरून दबाव आहे आणि त्यांनीही पदरचे पैसे घातलेले आहेत. महिन्यात काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तिथे मराठीतही बोलता येतं. यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि प्लॅनचे फोटो तोवर मोबाइलमधून पुसू नका. वहिनींनी सही करायला एखादा फॉर्म ठेवून दिला असेल, तर तो भरून देऊ नका.